विहीर तीच आहे

घरून,
४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं निमंत्रण पोहोचलं. कागद इतका जाड, की पोस्टमनने देताना विचारलं, "घरात लग्न निघालं का?" म्हटलं, नाही हो, दादाच्या नकाशाचा सत्कार आहे. तो बिचारा हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

वहिनीला नमस्कार सांग. पाकिटावरचा पत्ता तिच्या हातचा आहे हे लगेच ओळखलं. तुझ्या अक्षरात लिहिला असता तर पाकीट अजून पोस्टातच फिरत बसलं असतं.

इकडे सगळं ठीक आहे. बाबांचे गुडघे त्यांच्या मनाला येईल तेव्हा दुखतात आणि मनाला येईल तेव्हा थांबतात. त्यांची खाट मागच्या खोलीत हलवली आहे. तिथे उजेड जरा कमी पडतो, पण चालतं. पुढच्या बाजूला घराचं थोडं काम निघालं होतं, ते आता उरकलं. धूळ मात्र अजून डब्याडब्यांतून निघते. काल साखरेत निघाली.

तू विचारलंस, लोकांना नकाशा आवडला का. आवडला म्हणजे काय विचारतोस! आपल्या गल्लीत सध्या कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नाही, सगळे फोनकडे बघतात. आकाशातून काढलेला फोटो, त्यावर तुमच्या ऑफिसने मारलेल्या पिवळ्या रेघा, आणि रेघेवर बोट ठेवलं की मालकाचं नाव. सायकलवाल्याने पहिल्यांदा उघडून दाखवला तेव्हा सगळी गल्ली त्याच्या दुकानात जमली होती. आपापलं छप्पर आकाशातून बघून माणसं खूश झाली. मग एकेकाच्या लक्षात आलं, की रेघ छपरावर बसतच नाही.

सगळी गल्ली एक खोली पूर्वेला सरकली आहे, दादा. शिंपीकाकांची शिवणाची खोली नकाशात आपल्या घरात आली. त्यांच्या पलीकडच्या शाळेच्या बाई, त्यांचं स्वयंपाकघर शिंपीकाकांना मिळालं. बाईंना फोटोग्राफरचा जिना मिळाला, आणि जिना आपला म्हटल्यावर वरची खोली कोणाची, यावर दोघांची बोलाचाली बंद झाली. आता जो तो पूर्वेच्या शेजाऱ्याकडे मागतो आणि पश्चिमेच्या शेजाऱ्याला टाळतो. शेवटच्या घराला मागायला कोणी उरलं नाही म्हणून त्याला पलीकडचं गटार मिळालं. त्याने त्या गटाराला तारेचं कुंपण घातलंय. हसू नकोस, खरंच घातलंय.

पहिलं घर आपलं. आपलं काय, आपण दोनच माणसं, आपल्याला जागा लागते किती.

माझं मोजणीचं काम चालू आहे, म्हणजे रोज शिव्या खाणं चालू आहे. मी टेप धरून हद्दीचा दगड दाखवते आणि लोक मला फोन दाखवतात. "ताई, तुमची टेप सैल पडलीय वाटतं, यात बघा." परवा एकाने बोटांनी नकाशा मोठा करून माझ्या नाकापुढे धरला. मोठा केल्यावर चूकही मोठी दिसत होती, पण त्याला तो हक्क वाटला. नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरात तुम्ही छापलंय, की ही फक्त माहिती आहे, पुरावा धरू नये. ते वाचणारा अजून मला भेटायचाय. तुमच्या खात्यातही कोणी वाचलेलं दिसत नाही.

बाबांना पहिल्या रांगेत बसवायचं म्हणतोस. ते यायचे नाहीत. गुडघे. मीही येणार नाही, रजा शिल्लक नाही.

सत्काराला तो करडा कोट घालू नकोस. त्यात तू बाबांसारखा दिसतोस.

तुझी,
फूटपट्टी

* * *

घरून,
१७ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. या वेळी अक्षर तुझंच आहे, म्हणजे वहिनीला दाखवलेलं नाहीस.

तू लिहितोस, "बाबांनी नकाशावरची हरकत मागे घेतली असं ऑफिसात कळलं. फार बरं वाटलं. इतक्या वर्षांनी शेवटी त्यांना माझं काहीतरी पटलं. भाषणात त्यांचं नाव घेणार आहे. मोजणीवर असतानाचा त्यांचा एखादा जुना फोटो असेल तर पाठव."

हे मी वाचलं, घडी घातली आणि पोळ्यांच्या डब्याखाली ठेवलं. दुपारी पुन्हा काढून वाचलं. तेच लिहिलेलं होतं.

मागच्या पत्रात तुला सगळं ठीक लिहिलं. ठीक नाही. घराचं काम निघालं होतं असं लिहिलं, ते काम आम्ही काढलं नव्हतं. रस्त्याच्या खात्याने काढलं. आपली पुढची खोली पाडली, दादा. गल्ली एक खोली सरकली म्हटल्यावर तिच्या टोकाचा रस्ता का मागे राहील? तोही सरकला आणि आपल्या पुढच्या खोलीत आला. नोटिशीत लिहिलं होतं, सार्वजनिक रस्त्यावर अतिक्रमण. आई ज्या खिडकीत बसून तांदूळ निवडायची ती खिडकी सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण होती. आपल्याला कधी कळलंच नाही.

आता विहिरीचं लिहिते. तुला सांगायला नको, पण कोणी लिहून कळवलं नाही असं म्हणायला तुला जागा राहू नये म्हणून लिहिते. जुना कागदी नकाशा फोटोवर बसवायचा, तर धरायला काहीतरी पक्कं लागतं. आपल्या गल्लीच्या शीटवरची झाडं गेली, कुंपणं गेली, राहिली ती विहीर. तुमच्या पोरांनी नकाशातल्या विहिरीचा गोल घेतला आणि फोटोतल्या विहिरीवर ठेवला. गोलावर गोल बसला. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, नकाशातली विहीर कधीच बुजली आणि फोटोतली विहीर तिच्यापासून एक खोली सोडून नंतर खणलेली आहे.

त्यांना माहीत नव्हतं. तुला होतं. जुन्या विहिरीचा काठ ढासळला आणि गल्लीने ती बुजवली तेव्हा आपण दोघं काठावर उभे होतो. मी पाय तुटलेली बाहुली टाकली. तू फुटकी पाटी टाकलीस, आणि लगेच ती परत हवी म्हणून भोकाड पसरलंस. शेवटी बाबांनी तुला उचलून घरी आणलं. आज तिथे सायकलवाल्याचं दुकान आहे. त्याची फरशी दर पावसाळ्यात खचते आणि तो दर पावसाळ्यात तिथे भर घालतो. कोणी नुसतं दुकानात शिरून खाली बघितलं असतं तरी विहीर सापडली असती.

बाबांनी हरकत घेतली ती स्वतः मोजून. आपल्या हद्दीच्या दगडापासून ते सायकलवाल्याच्या उंबऱ्यापर्यंत टेप टाकली. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. गुडघे बिडघे सगळं विसरले होते. मला ओरडत होते, "टेप ताण, पाळण्याची दोरी आहे का ती!" मला इतकं बरं वाटत होतं, काय सांगू. वाटलं, सुनावणीला जाऊ, दोन वाक्यं बोलू आणि चहा पिऊन परत येऊ.

सुनावणीचे साहेब तसे सभ्य. बाबांना खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आजोबा, तुमचा अभ्यास दांडगा आहे. पण विहीर बदलली म्हणता, ते आम्ही कसं मानायचं? आमच्याकडे जागेवरची तपासणी झालेली आहे."

"कोणी केली?"

"अहो, तुमच्याच चिरंजीवांनी! विहीर तीच आहे म्हणून त्यांनी स्वतः सांगितलं. त्यांचं लहानपण त्या गल्लीत गेलंय, त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार?"

बाबांनी विचारलं, "तो आला होता?"

"आले होते की. समक्ष जागेवर जाऊन पाहिलं म्हणून सांगितलंय त्यांनी."

मी उठायला गेले, तर बाबांनी टेबलाखाली माझं मनगट धरलं. त्या हातात अजून किती जोर आहे ते मला त्या दिवशी कळलं. ते साहेबांना म्हणाले, "तो येऊन बघून गेला असेल तर बरोबरच असेल. माझं वय झालं, माझ्याच डोक्यात घोळ झाला असेल. हरकत मागे घेतो."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चहा मागवला. बाबांनी तो शेवटपर्यंत प्यायला.

याला तू पटलं म्हणतोस.

घरी येताना मी रस्त्यातच भांडायला सुरुवात केली. म्हटलं, बाबा, दादा आला नव्हता, तुम्हाला पक्कं माहीत आहे. ते चालायचे थांबले. म्हणाले, "मला दोनांतलं एक काहीतरी मानावं लागणार. तो गल्लीत आला, आपल्या दारावरून गेला आणि आत आला नाही, हे मानू? की तो आलाच नाही आणि आलो म्हणाला, हे मानू? यातलं कमी वाईट कुठलं ते तू सांग, मी ते मानतो." तुला उत्तर येत असेल तर कळव.

पुढे फाटकाशी आल्यावर म्हणाले, "नकाशा चुकला तर खोडून नीट करता येतो. जागेवर न जाता गेलो म्हणाला, हे उघडं पडलं तर त्याला खात्यात कोणी उभं करणार नाही. खोलीच आहे, जाऊ दे."

आणि खोली गेली. पाडायला आलेल्यांनी भिंतीवर खडूने रेघ मारली ती तिरकी. बाबा आत बसून बघत होते. ती रेघ बघून उठले, बाहेर आले आणि मुकादमाला म्हणाले, "अशी तोडलीस तर मागची भिंत हलेल. दोरी आण." एक टोक मुकादमाला दिलं, दुसरं स्वतः धरलं, आणि रेघ सरळ करून दिली. हद्द चुकीची होती, दादा, आणि बाबांनी तिच्यावर दोरी सरळ धरली. मुकादम खूश झाला. म्हणाला, "बाबा, तुम्ही या लाइनमधले दिसता." बाबा म्हणाले, "होतो." मी आत जाऊन रडले. पण रडून तरी काय, थोड्या वेळाने सामान हलवायला बाहेर यावंच लागलं.

तू कशामुळे आला नाहीस ते मला माहीत आहे. घर सोडून गेलास त्या दिवशी मीही तिथेच होते. बाबांबरोबरच्या मोजणीत तू शेताचे तीन कोपरे चालून मोजलेस आणि चौथा झाडाखाली बसून हिशोबाने काढलास. उत्तर बरोबर आलं होतं. तरी बाबांनी चार लोकांसमोर तुझा कागद फाडला, म्हणाले, "उत्तर बरोबर आहे, पण तू तिथे गेला नाहीस." मला तेव्हा तुझी बाजू खरी वाटली होती. आजही वाटते, लोकांसमोर फाडायला नको होता. त्यांना तसं मी कितीदा बोलूनही दाखवलंय. तू सूड उगवलास असं गल्लीतले म्हणतात. मी म्हणते, सूड घ्यायलासुद्धा माणसाला यावं लागतं. तू फक्त आला नाहीस. तिकडे बसून विहीर तीच आहे म्हणालास, कारण इथे येऊन विहीर बघायची तर घरात शिरावं लागलं असतं. आणि खोटं बोलताना आधार कशाचा घेतलास, तर याच गल्लीत लहानाचे मोठे झालो याचा.

एक खोली गेली एवढ्यावर भागलं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. बाबांनी जे पोटात घातलं ते मीही घातलं असतं. पण आता शिंपीकाकांची पाळी आहे. त्यांची शिवणाची खोली नकाशात आपल्या नावावर, म्हणून ऑफिसने दोन्ही घरांना नोटीस काढली. त्यांनी खोली खाली करायची आणि आपण ताबा घ्यायचा. आम्हाला ताबा नको असं मी लिहून द्यायला गेले, तर कारकून म्हणाला, "नको म्हणायची सोय नाही. नकाशा सगळ्यांना सारखा लागू."

बाबा शिंपीकाकांच्या दारात गेले. आपल्या दोघांच्या शाळेच्या कपड्यांपासून त्यांच्या कोटापर्यंत सगळं ज्याने शिवलं, त्या माणसाने त्यांना आत बोलावलं नाही. शिवणाचं मशीन दाराला आडवं लावलं होतं. बाबा म्हणाले, "अरे, मला तुझी खोली नको." शिंपीकाका म्हणाले, "तुम्ही आज नको म्हणाल. उद्या तुमचा साहेब येऊन मागेल, तेव्हा मी कोणाकडे जाऊ?" बाबा म्हणाले, "तो येत नाही." यावर शिंपीकाका जे म्हणाले ते तुला कळलंच पाहिजे. ते म्हणाले, "येत नाही कसा? विहीर बघून गेला ना?"

बाबा तसेच परत आले. तेव्हापासून जेवण अर्धं झालंय.

शिंपीकाकांच्या खोलीची सुनावणी गुरुवारी आहे, तुझ्या सत्काराच्या आदल्या दिवशी. बाबांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय की मी तोंड उघडणार नाही. मी हो म्हटलं, आणि ते हो मी मोडणार आहे. आधी तुला सांगून मोडतेय, एवढंच. गुरुवारी मी उभी राहून विहीर कुठली ते सांगणार, आणि तपासणीला तू आला नव्हतास तेही सांगणार. त्यांनी मनगट धरलं तर सोडवून घेईन. माझी नोकरी तुझ्याच खात्यातली, त्यामुळे माझंही पुढे काय होईल ते होईल. मागच्या वेळी मी गप्प बसले, त्यात एक खोली गेली.

तू आलास तर गोष्ट वेगळी. तू स्वतः उभा राहून म्हणालास की मी आलो नव्हतो, विहीर ती नव्हे, तर खातं तुला बोल लावेल, सत्कार रद्द होईल, पण म्हणतील की माणूस निदान स्वतःहून आला. मी म्हटलं तर तुझ्या बहिणीने तुला उघडं पाडलं असं होईल. दोन्हींतलं कमी वाईट कुठलं, हा प्रश्न आता तुझ्याकडे.

येणार असलास तर सांगून ठेवते. रस्त्यावरून वळलास की तुला वाटेल अजून घर यायचंय. पायाखाली बघ. लाल फरशीचे तुकडे दिसले की थांब, ती आपली पुढची खोली. बाबा दुपारी तिथेच खुर्ची टाकून बसतात, आईच्या खिडकीच्या जागी. गाडीवाले हॉर्न वाजवतात, ओरडतात, "म्हातारबा, रस्त्यात काय बसलाय!" ते उठत नाहीत. मी विचारलं, कोणाची वाट बघताय का. म्हणाले, "नाही. तो येऊन गेला म्हणतात ना, मग कोणत्या बाजूने आला असेल ते बघतोय."

फोटो मागितला होतास. जुना देणार नाही. हवा असेल तर हा काढून ने.

जागेवर असलेली,
तुझी बहीण